तिच्या गोष्टीतला माझा शब्द

माझ्या रूममेटनं जिंदगीत पहिल्यांदा एक गोष्ट लिहिली आणि ती माझ्या आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा चांगली निघाली.

मी आठवीपासून लिहून राहिले. कंधारहून नांदेडला शिकायला आले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या. ती मुरुडची, लातूरकडची. तिच्या बॅगेत चटणीचा डबा, चादर आणि एक उशी. ती उशी घेऊन ती बसस्टँडवर पण झोपू शकते. मला ह्याचाही हेवा वाटायचा. बस चुकली तर मी स्टँडभर चौकशी करत फिरते, चार जणांना फोन लावते. ती बाकड्यावर बसते आणि म्हणते, दुसरी येईल की.

तर, आमच्या कॉलेजच्या मराठी विभागानं कथास्पर्धा ठेवली. विषय होता, जगाचा शेवटचा दिवस. निवडलेल्या गोष्टी वार्षिक अंकात छापणार. ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी कंधारहून येणाऱ्या बसमध्ये होते, आणि नांदेड येईपर्यंत माझी निम्मी गोष्ट मोबाइलवर टाइप पण झाली होती. माझे अंगठे लई वेगात चालतात. वर्गातल्या निम्म्या पोरींचे प्रोजेक्ट मीच टाइप करून देते.

माझ्या गोष्टीत समुद्र शहरात घुसतो. इमारती पडतात, माणसं किंचाळतात, एक नवरा बायकोला शोधत सात पानं पळतो. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण ते जाऊ द्या. रूमवर येऊन मी बाकीची पुरी केली आणि लगेच तिला वाचून दाखवली. ती पालथी पडून शेंगा खात होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली,

"जग संपायलंय आणि तू सात पानं लिहायलीस. वाचणार कोण गं?"

मी म्हणलं, मग तू लिहून दाखव. उगंच म्हणलं होतं. तिनं खरंच लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, इतिहासाच्या नोट्सच्या पाठीमागं, एकाच बैठकीत, खाडाखोड न करता. दीड पान. आणि माझ्याकडं देऊन म्हणाली, तेवढी टाइप करून दे की, मला मोबाइलवर जोडाक्षरं सापडत नाहीत. तिनं ती कुणालाच दाखवली नव्हती. मी पहिली.

गोष्ट अशी होती. मुरुडसारखं एक गाव, बाजाराचा दिवस. दुपारी चारला जग संपणार हे सगळ्यांना माहीत आहे, रेडिओवर सांगून झालंय. एक म्हातारी मेथी विकायला बसली आहे. गिऱ्हाइकं नेहमीसारखीच येतात. एक जण जुड्या उलट्यापालट्या करून बघतो आणि ह्यातली कोवळी कोणती विचारतो. एक बाई म्हणते, आता निवडायला वेळ कुठं आहे, तरी घेते, हाताला काम पाहिजे. पावणेचारला मेथी संपते. म्हातारी पोतं झटकून घडी घालते, त्यावर बसते. शेजारची लिंबंवाली विचारते, काही राहिलं का गं तुझं? म्हातारी हात आडवा धरते, पंगतीत वाढणाऱ्याला आपण पानावर धरतो तसा, आणि म्हणते, "न्हाई. भागलं."

बस. गोष्ट खलास.

मी ती मोबाइल मांडीवर ठेवून वाचली. रडू आलं का? हाव, आलं. पण ते म्हातारीसाठी नव्हतं. हे मला का सुचलं नाही, ह्याचं रडू होतं ते. मी एवढ्या वह्या भरल्या आणि माझ्या एकाही गोष्टीत कुणी नीट मेलेलं नाही. सगळे ओरडून मरतात. मला तसंच माहीत आहे ना. माझे थोरले काका गेले तेव्हा घरात एक जण गंगाजल शोधत होता, दोघं गाडीवरून भांडत होते, काकू भिंतीवर डोकं आपटत होती, आणि काका स्वतः विचारत होते की शेतातली मोटार कुणी बंद केली का. त्यांना कुणी उत्तर पण दिलं नाही. मरण म्हणलं की मला तो कालवा ऐकू येतो. आणि हिच्या गोष्टीत अख्खं जग मरून राहिलं आणि एक पण माणूस आवाज चढवत नाही.

मी तिला विचारलं, तुला एवढं शांत कसं सुचतं? तुमच्या घरात बुद्धवंदना असते, सगळं अनित्य आहे वगैरे लहानपणापासून ऐकता, म्हणून का?

ती लई हसली. "तसं काही न्हाई गं. आमच्यात बी लोक बोंबलूनच रडतात. माझी आत्या बघ एकदा, तीन गल्ल्या ऐकतात."

मग कुठून आलं हे सगळं? तर म्हणाली, आलं असंच. मला वाटलं लपवून राहिली. चांगलं लिहिणाऱ्यांचं काहीतरी गुपित असतं आणि ते मला कुणी सांगत नाही, असं मला लहानपणापासून वाटतं.

तर मी टाइप करायला बसले. ती धुणं घेऊन गच्चीवर गेली. सगळी गोष्ट मी काना-मात्रा न बदलता उतरवली. शेवटच्या शब्दावर आले आणि अंगठा थांबला. भागलं. मी स्वतःला म्हणलं, परीक्षक पुण्याकडचे आहेत. त्यांना भागलं म्हणजे थकलं वाटेल, थकलंभागलं मधलं. आपल्याकडं भागलं म्हणजे पुरलं, गरज होती तेवढं मिळालं, आता नको, हे त्यांना कसं कळणार? त्यापेक्षा सरळ शब्द टाकावा. मी 'संपलं' टाकलं.

हे मी मदत म्हणून केलं, असं मी तेव्हा मनात तीनदा म्हणलं. जे खरं असतं ते तीनदा म्हणावं लागत नाही. ती गोष्ट ज्या शब्दावर उभी होती तो मला माहीत होता, आणि तोच मी काढला. मग घाईघाईत पाठवून दिली. पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवली नाही. तिनं मागितली पण नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.

निकालाच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. माझ्या समुद्राचा कुणी उल्लेख पण केला नाही. तिला दुसरा नंबर. परीक्षक सरांनी शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. त्यांचा आवाज भारी होता. "न्हाई. संपलं." वाचून ते थांबले आणि म्हणाले, सगळी कथा साधी आहे, पण हा शेवटचा एक शब्द बघा, किती कोरडा, किती निर्भय. लेखिका इथं खरी दिसते.

टाळ्या पडल्या. आणि मी काय करावं? मला शरम वाटायला पाहिजे होती. मला वाटलं, अरे, तो शब्द माझा आहे. सात पानं लिहून माझं काही नाही आणि एक शब्द टाकला तर त्याच्या टाळ्या हिला. मी तिच्याकडं बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती, हसत पण नव्हती. कपाळाला आठी घालून स्टेजकडं बघत होती. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, टाइप करताना चुकलं का गं?

बघा, तिनं मला दार उघडून दिलं होतं. हाव म्हणलं असतं तर संपला असता विषय. जोडाक्षर चुकतं तसा शब्द चुकला. पण माझ्या अंगात टाळ्या भरल्या होत्या.

"चुकलं न्हाई. मी बदलला. सरांना आवडला तो माझा शब्द हाय."

तेवढ्यात तिला स्टेजवर बोलावलं, ती गेली, प्रमाणपत्र घेतलं, खाली आली आणि माझ्या शेजारी न बसता सरळ बाहेर गेली. मी मागं पळाले. ती सायकल स्टँडजवळच्या ओट्यावर बसली होती. मी पटापट बोलायला लागले, परीक्षक बाहेरचे, त्यांना आपली भाषा कळत नाही, तुझा नंबर आला तो त्याच्यामुळंच. ती ऐकत होती, जशी माझी सात पानं ऐकली होती तशी. मी दमले तेव्हा ती बोलली.

तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले हे मला माहीत होतं. कसे गेले ते मी कधी विचारलं नव्हतं. लातूरच्या दवाखान्यात होते. दुपारची वेळ, आई खाली डबा आणायला गेलेली. ही चमच्यानं पाणी पाजत होती. चार चमचे झाले. हिनं विचारलं, बाबा, अजून देऊ? त्यांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, भागलं.

"मला वाटलं, पाण्याचं बोलायलेत," ती म्हणाली. "मी चमचा धुवायला गेले."

ती परत आली तोवर ते गेले होते.

आता जे लिहीन ते लिहायला मला लाज वाटून राहिली, तरी लिहिते. तिथं, त्या ओट्यावर, तिचे डोळे भरलेले असताना, माझ्या मनात सगळ्यात आधी हे आलं की माझ्याकडं असं काही का नाही. मला तिच्या बापाच्या मरणाचा हेवा वाटला. माझ्या काकांची मोटार, काकूचं डोकं आपटणं, आणि हिच्याकडं एक चमचा आणि एक शब्द. सेकंदभरच वाटलं, पण वाटलं. मग मात्र मला माझीच किळस आली आणि मी म्हणलं, मी आत्ता जाऊन विभागात सांगते, अंकात दुरुस्त करायला लावते.

"तू राहू दे," ती म्हणाली. "मी सांगते."

तिनं स्वतः जाऊन सांगितलं. विभागातल्या मॅडमनी विचारलं, सरांना तर 'संपलं'च आवडलं होतं, बदलायचं कशाला? ती म्हणाली, सरांना आवडलं ते बरंच झालं, पण म्हातारी तसं बोलली नव्हती. हे मला मॅडमकडूनच कळलं. अंकासाठी तिनं ती गोष्ट परत लिहून काढली आणि चौकातल्या टायपिंगवाल्याकडं नेऊन दिली. त्याच्याजवळ स्टूल टाकून बसली आणि शेवटची ओळ टाइप होईस्तोवर उठली नाही, असं वर्गातल्या एकीनं सांगितलं.

आम्ही अजून एकाच रूममध्ये राहतो. भांडण असं झालंच नाही. आठवडाभर तिनं कामापुरतं बोलणं ठेवलं, मग हळूहळू शेंगा वाटून घेऊ लागली, माझी सकाळची घाई बघून परत चिडवायला पण लागली. तिच्या घरची चटणी आली की पहिला घास मलाच. मी तिची माफी मागितली तेव्हा म्हणाली, जाऊ दे. ती सगळ्यालाच जाऊ दे म्हणते, बस चुकली तरी, म्हणून मला त्यातून काही कळलं नाही.

गेल्या महिन्यापासून ती परत काहीतरी लिहून राहिली. खिडकीशी बसते, पाठ माझ्याकडं करून. पेन लई हळू चालतो तिचा, मधेच थांबतो, मग परत चालतो. मी माझ्या मोबाइलवर चार पानं भरवते तोवर तिच्या चार ओळी होतात, आणि त्या चार ओळी माझ्या चार पानांपेक्षा चांगल्या असणार हे मला न वाचताच कळतं. परवा मी विचारलं, काय लिहायलीस? टाइप करून देऊ का?

तिनं कागदाची घडी घातली आणि उशीच्या अभ्र्यात सरकवली.

"काही न्हाई गं. हिशेबाचं हाय," असं म्हणाली, आणि तिला खोटं बोलता येत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.