दोन हजार लिटरचा मुक्काम

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, नात्यानं आत्या असोत की नसोत. आत्या आमच्या घरातून जायला निघाल्या होत्या, म्हणून मी पावसाच्या पाण्याची टाकी बसवायचं ठरवलं. हे लिहून वाचलं की मलाच जरा विचित्र वाटतं, पण झालं ते असंच.

आमचं घर जिंतूरच्या बाहेर, येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्याला. आजूबाजूला निम्मी शेतं, निम्मे प्लॉट. पाणी बोअरचं. पाण्याला कमी नाही, पण ते इतकं जड की पातेल्याला आतून पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ कुकरच्या सात शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच करते. आत्यांनी यावर कधीचाच उपाय काढलेला. पावसाळ्यात गच्चीवरून खाली सोडलेल्या पाइपाखाली त्या पातेली, घागरी, बादल्या मांडायच्या, पाणी फडक्यातून गाळायच्या आणि त्यात वरण शिजवायच्या. ते वरण घोटावंसुद्धा लागत नसे. पावसाळाभर आत्यांचा रुबाबच वेगळा असायचा. शेजारणी डाळीपुरतं तांब्याभर पाणी मागायला यायच्या आणि आत्या कोणाला किती द्यायचं ते माणूस बघून ठरवायच्या.

एका श्रावणात मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीला शेवाळ धरलं होतं. मी शाळेत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे घरात काही घडायचं असेल तर ते मी शाळेत असतानाच घडतं. आत्या भरलेलं पातेलं उचलून आत यायला निघाल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाताला पूर्वीची ताकद आली नाही. माझ्या नवऱ्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. माणूस शांत, पण त्या दिवशी तो आईवर ओरडला. म्हणाला, "माय, आता पावसात पाय ठिवायचा न्हाई. सांगून ठिवतो."

आत्यांनी पावसात पाय ठेवणं सोडलं आणि त्याबरोबर स्वयंपाकघरातही येणं सोडलं. मी केलेलं कचकचीत वरण त्या मुकाट्यानं खायच्या. पूर्वी नावं ठेवायच्या, तेव्हा मला राग यायचा. आता नावं ठेवीनात, तर जीव घाबरा व्हायला लागला. तेवढ्यात, होळीच्या सुमाराला, पुण्याच्या भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, फोनवर लकडा लावला की आईला आता इकडेच पाठवा, इथं लिफ्ट आहे, पाणी गोड आहे, काही काम नाही. आत्या म्हणाल्या, येते, येत्या दिवाळीला न्यायला ये.

भावजींचं काही चुकलं नव्हतं. मुलगा आहे, आईला बोलावणारच. पण मला ते ऐकून असा संताप आला की मी त्या दिवशी चौथीच्या वर्गाला तीन वेळा तेराचा पाढा म्हणायला लावला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सगळं या बाईनं शिकवलं, टोमणे मारत, पण शिकवलं. त्या गेल्या असत्या तर घर मला खायला उठलं असतं. हे त्यांना तोंडावर सांगणं मला जमलं नाही. सासूला असं सांगतात कसं, तेच मला माहीत नाही. त्यापेक्षा टाकी बसवणं सोपं वाटलं. पाण्यापायी त्यांनी स्वयंपाकघर सोडलं होतं, तर पाणीच त्यांच्या हातापर्यंत आणून द्यायचं, असा माझा सरळ हिशेब होता.

पावसाळ्याच्या आधी मिस्त्रींना बोलावलं. मला जमिनीत हौद हवा होता, ऐसपैस. मिस्त्री अंगणात फिरले, टाचेनं माती उकरली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी मी पाढा चुकलेल्या पोराकडे बघते.

"मॅडम, ही काळी जिमीन हाय. उन्हाळ्यात भेगाळती, पावसाळ्यात फुगती. हौद बांधला तर दोन वर्सात तडकंल. मग माझ्या नावानं खडे फोडताल."

मग सिमेंटच्या कड्या एकावर एक रचून टाकी करायचं निघालं. त्या सांध्यात झिरपतात म्हणून नवऱ्याला नको होत्या. शेवटी काळी प्लास्टिकची टाकी, दोन हजार लिटरची, जमिनीच्या वर ओट्यावर ठेवायची असं ठरत आलं. प्रत्येक गोष्ट मी मुद्दाम आत्यांना विचारत होते आणि आत्यांचं उत्तर एकच, "तुमचं तुमी बगा माय. मी काय, दिवाळीला जाणार हाय." फक्त काळ्या टाकीचं नाव निघालं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"काळ्या टाकीत पाणी उन्हानं तापंल. दाळ नुसती नेऊन टाका, ग्यास कशाला जाळायचा?"

मला इतका आनंद झाला! कितीतरी महिन्यांनी त्या कुजकं बोलल्या होत्या. टाकी घराच्या उत्तरेला, स्वयंपाकघराच्या भिंतीच्या सावलीत ठेवायचं मी तिथल्या तिथं जाहीर केलं. ती भिंत निवडण्यामागं माझा दुसराही डाव होता. मला टाकीची तोटी अंगणात नको होती. भिंतीला भोक पाडून ती आत, शेगडीशेजारी काढायची होती, म्हणजे पाण्यासाठी फरशीवर पाऊल टाकायलाच नको.

मिस्त्रींनी भिंतीवर आपल्या उंचीनं खूण केली. मी म्हणाले, "थांबा," आणि आत्यांना हाक मारली. त्या आल्या, खामखा कशाला बोलावलं असा चेहरा करून.

"आत्या, जरा इथं उभ्या राहा. डावा हात लावा भिंतीला."

"मला कशाला? मी काय..."

"दिवाळीला जाणार. माहीत आहे. तोवर तर लावा."

त्यांनी हात पुढे केला. मग तो जरा खाली आणला, बोटांनी तोटी फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "इथं. वर नगं. वर आसली की खांदा दुखतो." मिस्त्रींनी मुकाट्यानं नवी खूण केली. तोटी तिथं म्हणजे बाहेर टाकीचा ओटा तेवढा उंच, आणि ओट्याला पाया हवा. काळी माती लागेल तेवढी खणून खालच्या मुरमापर्यंत जायचं आणि दगड-मुरूम ठोकून वर यायचं. ते दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी टाकी बसली.

जाताना मिस्त्रींनी मला पाइपावरचा एक कॉक दाखवला. सुरुवातीचा पाऊस गच्ची धुऊन येतो, ते पाणी टाकीत घ्यायचं नाही. कॉक उघडा ठेवला की पाणी बाहेर मोरीत जातं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन गच्ची स्वच्छ झाली की कॉक बंद करायचा, म्हणजे पाणी टाकीकडे वळतं. "इसरू नका मॅडम," असं ते दोनदा म्हणाले. मी मास्तरीण, मला दोनदा सांगितलेलं आवडत नाही.

पहिल्या पावसाला मी कॉकजवळ छत्री घेऊन उभी होते. पाणी मोरीत धो धो जायला लागलं. पाच मिनिटं मी ते बघितलं. ज्या पाण्यासाठी आत्यांचं मनगट मोडलं ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत मोरीत चाललं होतं. मला बघवेना. मी कॉक बंद केला आणि सगळं पाणी टाकीत घेतलं. सकाळपर्यंत पाऊण टाकी भरली. मला वाटलं, जग जिंकलं.

सकाळी नवरा नव्या तोटीचं उद्घाटन म्हणून ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारता झाला आणि पुढच्या क्षणी "डोळे! डोळे!" करत स्वयंपाकघरभर नाचायला लागला. मी बोट बुडवून चाखलं. जीभ चरचरली. मला काही कळेना. मागच्या दारात आत्या उभ्या होत्या. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा वर गच्चीकडे, आणि तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या.

"आगं येडे, महिनाभर वर मिरच्या कोणाच्या वाळत होत्या?"

आमच्याच. वर्षाचं तिखट करायचं म्हणून सगळा वैशाख गच्चीवर मिरच्या पसरलेल्या होत्या. मी गच्ची झाडली होती, पण मिरचीचं बी आणि भुकटी स्लॅबच्या बारीक खाचांतून बसलेली. ती सगळी पावसानं धुऊन माझ्या हातानं टाकीत भरली होती. पाऊण टाकी तिखट पाणी! ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाला घालायचीही छाती होईना.

मिस्त्रींना फोन करायची लाज वाटत होती. आत्या म्हणाल्या, "त्यांला कशाला? चल, मी सांगते." टाकी रिकामी केली. मी नाकाला रुमाल बांधून झाकणातून आत उतरले आणि घासायला लागले. आत अंधार, वाफ आणि तिखट. मी शिंकत होते, आणि बाहेर स्टुलावर बसून आत्या टाकीवर टिचक्या मारत हुकूम सोडत होत्या, "आता खालचा कोपरा. गोल टाकीला कोपरा नसतो म्हणून सोडून देऊ नगंस." बाहेर आले तेव्हा माझे डोळे लाल आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी, मात्र हसण्याचं.

त्या दिवसापासून टाकी आत्यांची झाली. गच्ची त्यांनी उभं राहून माझ्याकडून दोनदा धुऊन घेतली. कॉकला हात लावायला मला बंदी. पाइपाच्या तोंडाला धोतराचं चौपदरी फडकं कसं बांधायचं, ते त्यांनी ठरवलं. पावसाळाभर त्या पाण्यात वरण मीच लावत होते. परतीच्या पावसात टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली आणि एका सकाळी मला न विचारता त्यांनी शेगडीवर डाळ चढवली. त्या वरणाचा पहिला घास घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं." माझा जीव भांड्यात पडला.

पण दिवाळी काही थांबत नाही. भावजी न्यायला आले. आत्यांनी शब्द दिलेला, आणि दिलेला शब्द फिरवणं ही गोष्ट या बाईला येत नाही. त्या पलंगावर बसून राहिल्या. पिशवी भरेनात. मग एकदम म्हणाल्या, "येवढं पाणी साठवलंय, ते टाकून कसं येऊ? हिला तर टाकीतलं काय कळना. टाकी संपली की येते."

भावजी समजूतदार. हसून म्हणाले, बरं. मग दर रविवारी त्यांचा फोन यायला लागला आणि आईची चौकशी झाली की मला प्रश्न, "वहिनी, टाकी किती राहिली?"

पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, तरी रोज लागतंच. मी येता-जाता टाकीवर टिचकी मारायचे. भरल्या भागाचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा खणखणीत. संक्रांतीला निम्म्याच्या खाली आवाज पोकळ यायला लागला. शिवरात्रीच्या सुमाराला तळाशी जेमतेम वीतभर बद्द उरलं. मी वरणाला पाणी कमी घालायला लागले, चहा एक वेळचा सोडला. तरी ती वीत उरलेलीच. पुढच्या आठवड्यातही तेवढीच. मला वाटलं, थंडीनं पाणी कमी लागत असेल. डाळ मात्र अलीकडे पुन्हा कचकचायला लागली होती. मी दुकानदाराला शिव्या घातल्या.

मग शेवटी मी मनाशी ठरवलं. बोअरचा पाइप गच्चीवर न्यायचा आणि गुपचूप टाकीत पाणी सोडायचं. जड तर जड, पण टाकी संपायला नको. चोरीच होती ती, पण मला तिची जराही लाज वाटली नाही. शनिवारी सकाळची शाळा. मी साडेअकरालाच घरी आले. आत्या या वेळेला पडलेल्या असतात. मागच्या अंगणात गेले तर पाइप जागेवर नव्हता.

तो जिन्यावरून वर गेला होता. मी त्याच्यामागोमाग चढले. गच्चीच्या कोपऱ्यात आत्या उकिडव्या बसल्या होत्या आणि डाव्या हातानं पाइपाचं तोंड पन्हाळीच्या भोकात घालून भोवतीनं फडकं कोंबत होत्या. मला पाहून दचकल्या.

"शाळा लवकर सुटली?"

"शनिवार आहे, आत्या."

"व्हय की." त्यांनी फडकं पुन्हा दाबलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता आलीच हायस तर खाली जाऊन मोटारीचं बटन दाब. मला दर खेपेला जिना चढ-उतर लय होतंय."

मी खाली गेले आणि बटण दाबलं. मोटार सुरू झाल्यावर, तिच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही म्हणून, भिंतीला टेकून मनसोक्त रडून घेतलं. वरून आत्या ओरडत होत्या, "यायलंय गं, यायलंय! राहू दे चालू!"