झापांआडचा पावसाळा

घरधनी मुंबईला गिरणीत होते, म्हणून चौलच्या घराची पावसाळ्याची बांधणी मीच करायची. एका वर्षी झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून ओटी-पडवीला चारही बाजूंनी नारळाच्या झावळ्यांचे झाप घट्ट बांधून घेतले. घर कोरडं राहिलं, पण दिवसाही अंधार. मला दुपारी पेंग यायची, रात्री डोळा लागत नसे आणि तांदूळ निवडताना उगाच रडू यायचं.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाय, कुनाची तरी दिष्ट लागली तुला."

"दिष्ट लागायला मी दिसते कुणाला?" असं म्हणून मी उठले आणि पूर्वेकडचा झाप सोडला.

आठवड्याभरात झोप परतली, रडूही थांबलं. सकाळच्या उजेडात पेज पिताना मात्र घर किती रिकामं आहे, ते नीट दिसायचं.