कारणं पुढच्या आठवड्यात

चौथीच्या बाईंना आमच्या शाळेत सगळे दारवाल्या बाई म्हणायचे. त्यांच्या आणि माझ्या वर्गात नुसती फटी पडलेल्या लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्यांचं शिकवणं माझ्या पोरांना फुकटात मिळायचं आणि माझं डोकं उठायचं. 'तुमचं मत मांडा' असा निबंध आला, की त्या एकेका मुलाला दाराबाहेर उभं करायच्या. त्याने तिथूनच पहिलं वाक्य म्हणायचं. वर्गाला पुढचं ऐकावंसं वाटलं तर बाकं वाजवायची, मग मूल आत. नाही वाजली तर नवं वाक्य शोधून आणा. 'माझ्या मते' म्हणून सुरुवात करणाऱ्याची तर धडगत नसे. पहिल्या दिवशी फक्त पहिलं वाक्य, कारणं पुढच्या आठवड्यात. हा नेम प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी मोडायचा नाही.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. कुणी झकास वाक्य आणलं की चेहरा असा खुलायचा, की मला हेवाच वाटायचा. खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी विषय होता, सुट्ट्या जास्त असाव्यात की कमी. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तोंडातून शब्द निघायची मारामार, म्हणून पोरं तिला गोगलगाय म्हणायची. ती दाराबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "रविवार बंद करून टाका."

बाकं अशी वाजली की माझ्या भिंतीवरचा नकाशा खाली आला. बाई तर हरखूनच गेल्या. मुलगी मात्र आत येईना. दारातच उभी राहून ती "कारण..." म्हणाली, तर बाईंनी हसून तिला थांबवलं आणि नेमाची आठवण करून दिली. मी पलीकडे चरफडत नकाशा उचलत होते.

सोमवारी ती आली नाही. रविवारी तिच्या बापाला सुट्टी असायची. तो दिवसभर प्यायचा आणि बायकोला मारायचा. त्या रविवारी तिची आई बिचारी वाचली नाही. बापाला पोलिसांनी नेलं. दर रविवारचं रडणं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं म्हणे, पण शेजारच्या एकाही मेल्याने कधी दार ठोठावलं नाही. दाराबाहेर उभं करण्याचा खेळ बाईंनी त्याच दिवशी बंद केला.

पुढच्या आठवड्यात तिचा मामा शाळेचा दाखला न्यायला आला. सोबत ती होती. बाई ऑफिसच्या पायरीवर तिच्यासमोर बसल्या. त्या दिवशी कारण सांगणार होतीस ना, ते आता सांग, कितीही मोठं असू दे, मी सगळं ऐकते, असं काहीतरी म्हणत होत्या.

मुलीने आधी मामाकडे पाहिलं. मग मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी, तशी ती हळूच म्हणाली, "राहू दे, बाई. आता रविवार असला तरी चालेल."