भागीचा नवस

मार्कंड्याच्या महादेवाला मी गेलो तो पाया पडायला नव्हे, भांडायला. नवस माझ्या बायकोचा होता आणि ती मेली होती. ज्याच्यासाठी बोलला तो मी जिवंत होतो. असला हिशेब करणाऱ्या देवापुढे हात जोडायचे तरी कशाला, असं मनात धरूनच त्या वैशाखात मी घराबाहेर पडलो. पुढे जे झालं त्याला कृपा म्हणावं की काय, हे आज म्हातारपणीही मला नक्की सांगता येत नाही. घडलं तसं लिहितो.

आमचं गाव घोटच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच होता. घरी धानाची शेती होती, पण माझी ओळख शेतीची नव्हती. मी दंडारीत नाचायचो. झाडीपट्टीतल्या या खेळात बायांची सोंगं पुरुषच घेत, आणि मी लुगडं नेसून उभा राहिलो की बाया दृष्ट काढून बोटं मोडायच्या. रंग उजळ होता, गळा गोड होता, दंड गोल होते. माझं मलाच फार कौतुक होतं. बायकोचं नाव भागीरथी, सगळे भागी म्हणत. माझ्या लुगड्याच्या निऱ्या तीच काढून द्यायची. तिच्यासारख्या निऱ्या मला स्वतःला कधी जमल्या नाहीत.

त्या साली पौषात गावात देवी टोचणारा आला. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आठ दिवसांवर होता आणि पटाच्या मैदानावर आमची दंडार ठरली होती. टोचलं की दंडावर फोड येतो, पिकतो, ताप भरतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. आखूड बाह्यांच्या चोळीत पिकलेला दंड घेऊन मी उभा कसा राहणार? सकाळीच भागीला घेऊन मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसलो. ती एकदाच बोलली, "टोचून घेऊ ना जी. दोन दिवसाचा तं ताप." मी म्हटलं, "तू तापानं निजली तं माह्या निऱ्या कोण काढन?" ती हसली. तिला त्यात माया दिसली असेल. टोचणारा गाव सोडून गेल्याचं कळलं तेव्हाच आम्ही घरी आलो. आमची दोन वर्षांची पोर सासूकडे होती, म्हणून तिला तिकडे टोचलं गेलं आणि ती वाचली.

पटावरची दंडार छान झाली.

फाल्गुन सरता सरता गावात माता आली. माझ्या अंगावर फोड उठले, डोळे मिटले, जिभेवरसुद्धा फोड. भागीनं घरात फोडणी बंद केली, दारात कडुलिंब बांधला आणि पाल्याच्या डहाळीनं मला वारा घालत बसली. मी शुद्धीत नसताना तिनं नवस बोलला की हा वाचला तर दोघं पायी मार्कंड्याच्या महादेवाला जाऊ. माझ्या खपल्या धरू लागल्या आणि ती पडली. तिचे फोड काळे आले. सहाव्या दिवशी गेली.

लोक यायचे, म्हणायचे, मातेची मर्जी, तिनं आपलं माणूस नेलं. मी मान हलवायचो. माळ्यावरचा दिवस कोणालाच माहीत नव्हता आणि मी तो सांगितला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं दुःख अंगावर घेऊन नाचलो होतो. माझं स्वतःचं आलं तेव्हा तेही तसंच वठवलं. डोक्यावर पंचा ओढून भिंतीशी बसलो की बायांना रडू यायचं. एक गोष्ट मात्र खरी होती. माझ्या तोंडाकडे कोणी सरळ पाहत नव्हतं. गळाही गेला होता. दंडारीच्या मंडळींनी दुसरा नाच्या शोधला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कोणी काही बोललं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हे तोंड घेऊन जायची हिंमत नव्हती. म्हणून भर उन्हाळ्यात, कोणी जात नाही तेव्हा निघालो. अंगात ताकद नव्हती. लोकांची नजर टाळायला गाडीवाट सोडून जंगलातली पायवाट धरली आणि दुपारपर्यंत चुकलो. नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता. जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं. एका मोहाच्या झाडाखाली मी बसलो आणि उठता येईना. इथंच संपलं तर बरं, असंही वाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर एक गोंड बाई बसलेली होती. वय झालेलं, एक डोळा गेलेला, सगळा चेहरा जुन्या व्रणांनी भरलेला. शेजारी तेंदूच्या पानांचा ढीग होता. तिनं पाण्याचा तुंबा माझ्या तोंडाला लावला. घरी असतो तर तिच्या हातचं पाणी मी घेतलं नसतं, हेही लिहून ठेवतो. त्या दिवशी घटाघटा प्यालो. मग तिनं मडक्यातली कण्यांची आंबील द्रोणात ओतून दिली. माझ्या गालावरच्या व्रणांवरून तिनं अंगठा फिरवला, जसा कोणी मातीचं भांडं कच्चं की पक्कं ते पाहतो. भागी गेल्यापासून माझ्या तोंडाला कोणी हात लावला नव्हता.

मी बोलू लागलो. कसा, ते मला कळलं नाही. तिला मराठी किती समजत होती, तेही ठाऊक नाही. पट, चोळी, माळा, तापानं निजली तर निऱ्या कोण काढील हे माझं बोलणं, सगळं सांगितलं. ती पानांचे पुडे बांधत ऐकत होती. मला वाटलं, हीही म्हणेल, मातेची मर्जी. तिनं पुडा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग तिले तूच मारलं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "हो."

"आणिक घे," असं म्हणून तिनं उरलेली आंबील माझ्या द्रोणात ओतली. ती बहुधा तिच्या दुपारची होती.

ऊन उतरल्यावर ती उठली आणि पुढे चालू लागली. मी मागे. गाडीवाट दिसली तिथं तिनं हातानं दिशा दाखवली आणि वळून झाडांत गेली. मी नावही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तेंदूच्या दिवसांत तिला द्यायला लुगडं घेऊन त्या जंगलात हिंडलो. तोडाईला कुठकुठची माणसं येतात. अशी बाई कोणाला आठवेना. ती कोण होती, याचा निकाल मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला पोचलो. देवळाच्या भिंतींवर दगडाच्या बाया आहेत, नाचणाऱ्या, शृंगार करणाऱ्या. कितीकांची तोंडं झिजलेली, फुटलेली. त्यांच्याजवळून जाताना मला पहिल्यांदा तोंड लपवावंसं वाटलं नाही. आत महादेवापुढे उभा राहिलो. भांडायचं म्हणून जे जे जुळवून आणलं होतं त्यातलं काहीच वर येईना. बसक्या आवाजात एवढंच म्हटलं, "देवा, भागीला मी मारलं. नवस तिचा आहे. फेडून घे." बाहेर वैनगंगेच्या वाळूत बसून मी रडलो. ते रडणं कोणाला दाखवायचं नव्हतं.

परतताना सरळ सासूच्या गावी गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या पोरीला उचललं आणि दार लावून घेतलं. पोर तिच्याकडेच वाढली. सासू मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर टोचणारा गावात आला की मी त्याच्यासोबत घरोघरी जायचो. लपलेल्यांना शेतातून बोलावून आणायचो, माझं तोंड दाखवायचो, माळ्याची गोष्ट सांगायचो. काही जण शिव्या देत. काही हात पुढे करत.

देवावर सोडून द्या, असं लोक म्हणतात. मीही ते बरेच दिवस केलं होतं, माझं पाप मातेच्या नावावर सोडून मोकळा झालो होतो. जे माझं होतं ते माझं म्हणून त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हाच काय ते सोडणं मला कळलं. भागी परत आली नाही, पोर माझी झाली नाही, झोप अजूनही धड लागत नाही. तरी त्या दुपारी मला तहानेनं मरू दिलं नाही आणि खोटं बोलत जगूही दिलं नाही, याबद्दल मी रोज हात जोडतो. मागत काही नाही.