उतारवयातले बाबा

माझ्या बाबांना सगळे माझे आजोबा समजत. सक्करदऱ्याच्या बाजारात भाजीवाली हमखास विचारायची, "नात का, बाबाजी?" बाबा ऐटीत सांगत, "नाही वं, पोरगी आहे माही. मीच उशिरा आलो." पहिली बायको गेल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी उमरेडच्या माझ्या आईशी लग्न केलं होतं.

माझे हातपाय जन्मापासून आखूड. आमच्या विणकरांच्या घरात त्याचं कारण परस्पर ठरूनही गेलं: पोटुशी असताना आईनं ग्रहणात मागावरचं सूत तोडलं. आत्या तर तिला कायमची माहेरी धाडायला निघाली.

बाबा मला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी समजावलं, आईनं काही केल्यानं असं होत नाही. बापाचं वय जास्त असलं तर अशा मुलाची शक्यता थोडी वाढते, पण नेमकं कुणालाच सांगता येत नाही. बाबांनी 'पण'च्या पुढचं ऐकलंच नाही. घरी येऊन गल्लीला ऐकू जाईल असं आत्यावर ओरडले, "तिले काहून बोलून राहिली? दोष माह्या वयाचा आहे. धाडाचं तर मले धाड!" आत्यानं माहेरी धाडायचा विषय सोडला. हे पुढे मला तिनंच सांगितलं.

मी मागावर बसायचा हट्ट धरला, तेव्हा मागाखालच्या खड्ड्यातल्या, पायानं दाबायच्या फळ्यांपर्यंत माझे पाय पोचेनात. बाबांनी फळ्यांवर लाकडी ठोकळे ठोकले. मी वाढले की तेवढे ठोकळे ते तासून कमी करत. माझा पहिला वेडावाकडा पंचा खांद्यावर टाकून मोहल्लाभर मिरवले. पण मी कुठे अडखळले की त्यांचा चेहरा पडायचा.

मी सातवीत असताना त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी माझा हात धरून म्हणाले, "लवकर आलो असतो तं तुले धड हातपाय भेटले असते. मले माफ करजो, बाई."

पायथ्याशी बसलेल्या आईला हुंदका आवरेना. "तुमचं काही नाही. सूत मीच तोडलं होतं." डॉक्टरांचं म्हणणं तिला कधी पटलंच नव्हतं. बाबांनी आपल्यासाठी दोष अंगावर घेतला, असंच ती इतकी वर्षं समजून होती.

मी रडत म्हणाले, "मले हातपाय नाही पाहिजे, बाबा. तुम्ही राहा फक्त."

तेवढं त्यांच्या हातात नव्हतं.

ते गेल्यावर मी थोडी वाढले. मागावर बसलं की गुडघे अवघडतात. पण ते ठोकळे मी दुसऱ्या कुणाला तासू दिले नाहीत.