भंडाऱ्याचा तो

त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळाबाहेर काढतो तशाच, पण इथे कारण धुळीचं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्यातल्या एका सरकारी इमारतीच्या माडीवर एक खोली रिकामी करून, खिडक्यांना जाड पडदे लावून, तिथे दोन कॉम्प्युटर बसवले होते. गच्चीवर एक मोठी पांढरी तबकडी होती, आभाळाकडे तोंड करून ठेवलेली. बी.एस्सी. झाल्यावर नागपुरात थोडं शिकून मी त्या खोलीत ऑपरेटर म्हणून लागले. घर अड्याळला, वडिलांची धानाची शेती. मी भंडाऱ्यात मावशीकडे राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायची.

बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत हिवाळा. गार फरशीवर पाय टेकवून बसलं की बाहेरच्या जगाचा आवाजच येत नसे. नुसती एसीची घरघर. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत यायची आणि हळूहळू फरशीवरून भिंतीकडे सरकायची. घड्याळ होतं, पण मी त्या रेघेकडेच बघायची. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं की डोळे मिटल्यावरही ती पापण्यांच्या आत तरंगत राहायची.

काम आकड्यांचं. दिघोरीला पाऊस किती झाला, सानगडीला लशी किती टोचल्या, असले आकडे तालुक्यांहून येत. मी ते टाइप करायची आणि मग ते गच्चीवरच्या तबकडीतून वर जायचे, आभाळातल्या उपग्रहाला लागून खाली कुठल्यातरी दुसऱ्या शहरात उतरायचे. आमचे साहेब तेलुगू होते. मवाळ माणूस, हिंदीत बोलायचे. त्यांनी मला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पण मला ते कधी खरं वाटलं नाही. गच्चीवर जाऊन मी त्या तबकडीकडे बघत उभी राहायची. तिच्या काठावर कबुतरं बसलेली असायची.

एका दुपारी आकडे पाठवून झाले, लाइन मोकळी होती, आणि पडद्यावर आपोआप एक ओळ उमटली.

‘भंडारा, आहात का?’

मराठी होतं, पण इंग्रजी अक्षरांत, तीही सगळी मोठी. त्या यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती. ओळीच्या आधी कोकणातल्या एका जिल्ह्याचं नाव होतं. तिथेही अशीच खोली आमच्या आधी काही महिने सुरू झाली होती. मी घाबरत घाबरत एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘आहो. पण हे कसं चालते मले समजून नाही राहिलं.’

बराच वेळ काही आलं नाही. शब्द वर जाऊन खाली यायला वेळ लागायचा. मग ओळ आली, ‘अहो काय? पुढे बोला ना.’

आमच्याकडे ‘आहो’ म्हणजे ‘आहे’. हे तिला समजावता समजावता ती दुपार गेली.

ती, कारण तिच्या लिहिण्यावरून कळत होतं. ‘आत्ताच जेवून आले,’ ‘आज उशिरा पोचले’ असं ती लिहायची. ती मला ‘अहो भंडारा’ म्हणायची आणि कायम तुम्ही-आम्ही करायची. मला वाटलं, तिकडच्या माणसांची तशी रीतच असेल. मीही तिला ‘तुम्ही’ म्हणायला लागले. नावं आम्ही विचारली नाहीत. कोणी विचारायला बंदी केली नव्हती. गरजच पडली नाही.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत, आकडे गेल्यावर, आमचं सुरू व्हायचं. तिच्याकडे आमच्यापेक्षा मोठं यंत्र होतं, एकाच यंत्रावर चौघं चार पडद्यांवर काम करायचे. तिला त्याचा अभिमान होता.

‘तुमचं ते म्हणजे एका खोलीचं घर,’ तिने लिहिलं. ‘एका वेळी एकच माणूस, एकच काम.’

‘एका खोलीत बरं असते. कोण काय करून राहिलं ते दिसते. तुमच्या चौघांत भांडण नाही होत?’

‘होतं तर. एकाने मोठं काम लावलं की बाकीचे तिघे चहाला जातात. आणि कोणी कोणाच्या फाइलीत डोकावू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड.’

पासवर्ड मलाही होता. तो कोणालाही सांगायचा नाही, हे साहेबांनी दोनदा बजावलं होतं. तिने एका दुपारी लिहिलं, ‘तुमचा पासवर्ड सांगू का?’

‘सांगा.’

‘लुचई.’

मी खुर्चीतच मागे सरले. खोलीत कोणी नव्हतं, तरी इकडेतिकडे पाहिलं. लुचई हा आमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पिकणारा तांदूळ, भात शिजायला लागला की वास अंगणापर्यंत येतो.

‘तुमाले कोणी सांगतलं?’

‘तुम्हीच. रोज त्याच्याबद्दल बोलता. अहो, जे आवडतं त्याचं कुलूप करू नये. उद्या कोणीही उघडेल.’

‘मग जे आवडत नाही ते ठेवतो.’

मी ‘दोडका’ ठेवला. काही दिवसांनी मी मावशीकडच्या रोजच्या दोडक्याबद्दल कुरकुर केली आणि तिने पुढच्याच ओळीत लिहिलं, ‘दोडका बदला आता.’ मी एकटीच त्या थंड खोलीत तोंडाला पदर लावून हसत बसले.

ती तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राबद्दल लिहायची. मी समुद्र पाहिला नव्हता. मी आमच्या गावच्या तलावाचा पलीकडचा काठ मनातून पुसून टाकायची आणि तेवढाच समुद्र मला पुरायचा. मी तिला पऱ्ह्यांबद्दल लिहायची, धानाची कोवळी रोपं एका बांधीत दाट उगवतात आणि मग उपटून दुसऱ्या बांधीत रोवतात, त्याबद्दल. पऱ्ह्यांचा तो हिरवा रंग आणि पडद्यावरच्या अक्षरांचा हिरवा रंग यांत काय फरक, असं तिने एकदा विचारलं. मी पुढच्या शनिवारी गावी जाऊन मुद्दाम बांधावर उभी राहून पाहिलं. आई म्हणाली, “काय पाह्यून राहिली तू एवढं?” 

पावसाळा ओसरत आला तेव्हा आमच्या यंत्राला रोग लागला.

साहेबांच्या ओळखीच्या कोणीतरी नागपूरहून एक फ्लॉपी आणून दिली होती, टाइपिंग शिकायचा खेळ होता तिच्यात. मी तो दोन-तीन दिवस खेळले. मग एका सकाळी आकडे भरताना पडद्यावर एक छोटा ठिपका आला. तो तिरपा चालत काठाला गेला, काठावर आपटून परत फिरला, अक्षरांवर आदळून उडाला, दुसऱ्या काठाकडे निघाला. मी हात उचलून घेतले. तो चालतच राहिला. घाबरायला हवं होतं, पण आधी मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. रिकाम्या काळ्या पडद्यावर तो एकटा ठिपका कुठेही न थांबता फिरत होता. बघताना झोप यावी तसं होत होतं.

साहेबांनी पाहिलं आणि खुर्चीवर बसकण मारली. “ये तो व्हायरस है,” ते म्हणाले. ते त्यांनी फक्त मासिकात वाचलं होतं. त्यांनी दोन्ही यंत्रं बंद करायला लावली. आभाळातली लाइनही बंद, कारण ती त्याच यंत्राला जोडलेली. व्हायरस शब्द माडीभर पसरला. खोली झाडायला येणाऱ्या बाई दारातच थबकल्या.

“मले तं नाही ना लागत हे?” त्यांनी विचारलं.

“नाही जी. माणसाले नाही लागत.”

“तुम्ही तोंड बांधून घ्या तरी,” त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन परत गेल्या.

साहेबांनी नागपूरला फोन केला. तिथे कोणालाच उपाय माहीत नव्हता. तेव्हा मी म्हटलं, कोकणातल्या ऑफिसात एक बाई आहेत, त्यांना येत असेल. साहेबांनी ट्रंक कॉल लावून दिला आणि आम्ही वाट बघत बसलो. यंत्रं बंद म्हणून एसीही बंद होता, पडदे उघडले होते, आणि ती खोली मला पहिल्यांदाच साधी, धुळकट खोली दिसली. दुपार कलल्यावर घंटी वाजली. साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“हॅलो, भंडाऱ्यावरून बोलतो,” मी ओरडले.

“कोण बोलतंय?” पलीकडे एक जरा घोगरा, शांत आवाज होता. एवढे महिने मी तिच्यासाठी वेगळाच आवाज धरला होता.

“भंडारा. कॉम्प्युटरच्या खोलीतून.”

“हां, बरं. मग त्यांना द्या ना फोन.”

“कोणाले?”

“जे मशीनवर बसतात त्यांना.”

“मीच बसतो जी मशीनवर.”

तारेतून वाऱ्यासारखा आवाज येत राहिला. मला वाटलं फोन कटला. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, “काय झालंय मशीनला?”

मी ठिपक्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकेक गोष्ट सावकाश सांगितली. यंत्र नुसतं पुन्हा चालू करायचं नाही, वीज बंद करून थोडं थांबायचं. सिस्टीमची मूळ फ्लॉपी, जी कधीच वापरली नाही ती, तिच्या कडेच्या खाचेवर पट्टी चिकटवून घालायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. यंत्र त्या फ्लॉपीवरून सुरू करायचं आणि सिस्टीम पुन्हा चढवायची. मग घरातली प्रत्येक फ्लॉपी तपासायची. ती ‘घरातली’ म्हणाली, हे माझ्या लक्षात राहिलं. “आणि ती खेळाची फ्लॉपी फेकून द्या,” ती म्हणाली. “कोणाला देऊ नका.” मग फोन ठेवला. नेहमी लिहायची तसं जास्तीचं एक वाक्यही बोलली नाही.

संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं. ठिपका आला नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी लाइन जोडल्याबरोबर मी लिहिलं, ‘बरं झालं मशीन. तुमचे उपकार.’

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिचे आकडे जात-येत होते, म्हणजे ती होती. जेवणाच्या सुट्टीत मी पडद्यासमोर डबा उघडून बसायची. पुढचं अक्षर उमटायच्या जागी हिरवी चौकट नुसती लुकलुकत राहायची. माझं काय चुकलं ते मी शोधत होते. वाटलं, ट्रंक कॉल लावायला नको होता, तिच्या साहेबांनी तिला रागावलं असेल. अड्याळला गेले तेव्हा जेवणावरही लक्ष नव्हतं. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

मग एका दुपारी ओळ आली.

‘आता काय म्हणू तुला? तू एक बरा माणूस होतास गं.’

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्यांदाच ‘तू’ आलं होतं. मी लिहिलं, ‘म्हणजे?’

मग तिने सगळं लिहिलं, थांबत थांबत. पहिल्याच दिवशी मी ‘मले’ लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत ते एम, ए, एल, ई, म्हणजे इंग्रजीत ‘मेल’, पुरुष. तिला ‘मले’ हा शब्दच ठाऊक नव्हता, त्यांच्याकडे ‘मला’. तिला वाटलं, हे गृहस्थ आधीच सांगून टाकतायत की मी पुरुष आहे, पुढे गैरसमज नको. आणि त्यावर माझं ‘मी जातो,’ ‘मी ठेवतो’. आमच्या घरी आई, काकू, आत्या सगळ्या असंच बोलत; ते पुरुषाचं बोलणं आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की भंडाऱ्याचा तो रोज दुपारी येतो. तिथल्या बायका तिला चिडवायच्या.

‘तुमाले राग आला?’ मी विचारलं.

वर जाऊन खाली यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

‘राग नाही गं. कोणीतरी गावाला गेल्यासारखं वाटलं.’

‘मले’चं वाचून मी आधी हसले होते. आता हसू आलं नाही. त्या शनिवारी एसटीच्या खिडकीशी बसून मी त्या माणसाचा विचार करत होते. बाहेर धान निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर डोकावत होत्या, बांध्या वाऱ्याने एका अंगाला झुकत होत्या. तो माझ्यासारखाच विचार करायचा, माझेच शब्द बोलायचा, याच एसटीने गावी जायचा, तरी तो मी नव्हते. तिने त्याच्यासाठी कपडे, चेहरा, चाल, काय काय धरलं असेल! मला तो हळूहळू आवडायला लागला. पुढच्या सीटवर कोणी पाठमोरा माणूस बसला की वाटायचं, हा असेल.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हा दोघींना पुण्याला प्रशिक्षणाला बोलावलं. मी होस्टेलच्या फाटकावर ‘भंडारा’ सांगून आत आले तर पायरीवर एक उंच बाई बसली होती, माझ्यापेक्षा बरीच मोठी, केसांत एखाददुसरी चांदीची तार. तिने मला पाहिलं आणि उठलीच नाही, नुसती बघत राहिली.

“मिशी लावली होती मी तुला,” ती म्हणाली. “बारीक. आणि सायकल दिली होती.”

“मले सायकल चालवता येत नाही जी.”

मग ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. पण त्यानंतर आम्हाला बोलता येईना. लिहिताना एवढं सुचायचं, आणि समोरासमोर नुसतं ऊन, प्रवास, जेवण. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही झाडाखाली शेंगा खात बसलो होतो. वारा पडला होता, पानंही हलत नव्हती. शेंग सोलता सोलता ती म्हणाली, “काय करत असेल गं तो आता?”

तो कोण, हे मला विचारावं लागलं नाही. “नांगर धरला असन,” मी म्हटलं. “पऱ्हे टाकायचे दिवस जवळ आले.”

“एवढ्या उन्हात?”

“सकाळी सकाळी निघते तो. दुपारी झाडाखाली निजते.”

“असू दे,” ती म्हणाली. “झोपू दे त्याला.”

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं. जरा वेळाने तिने उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि दोघी जेवायला गेलो. पुढे वर्षभरात तिचं लग्न ठरलं आणि ती नोकरी सोडून गुजरातेत गेली. तिच्या जागी आलेला मुलगा फक्त आकडे पाठवायचा. मी त्याच खोलीत बरीच वर्षं काढली, यंत्रं बदलली, पडद्यांवर रंग आले. आता नात्यातली पोरं दिवसभर न पाहिलेल्या माणसांशी लिहीत असतात, आणि घरचे त्यांना रागावतात. मी कधी रागावत नाही. मी फक्त विचारते, तिकडे आत्ता पाऊस आहे का.