घंटामावशीची फेरी

"अभ्यास मोबाइलवर आला, आता ती घंटा काढून टाका!" मोबाइलवरचे धडे बोलून भरणारे सर तावातावानं म्हणाले.

"अहो, पोरी चार दिवस हौसेनं धडे बघतील, मग ढुंकूनही पाहणार नाहीत," रेक्टरबाईही हटेनात.

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात अभ्यासाची घंटा वाजवणारी मावशी चहा घेऊन दाराबाहेरच उभी होती. त्या दिवशी सरांच्या चहात साखर पडली नाही.

तरी सरच जिंकले. घंटा माळ्यावर गेली आणि मावशीच्या हातात झाडू आला. आपलं या घरातलं काम संपलं, हे तिच्या जिवाला लागलं.

महिन्याभरात मोबाइलवरचे सर ओस पडले. असंच चाललं तर धडे बंद करू, असं वरून फर्मान आलं. सर तोंड पाडून मावशीकडे आले.

"मावशी, संध्याकाळी धड्यासाठी घंटा द्याल?"

"देईन की. माळ्यावर मात्र मला चढवत नाही."

सर मुकाट्यानं शिडी चढले आणि डोक्यावर कोळिष्टकं घेऊन उतरले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मावशी घंटा वाजवत व्हरांड्यातून निघे. "चला गं, सरांना बोलतं करा!" की खोलीखोलीतून सर सुरू. भेटायला आलेले एका मुलीचे वडील जिन्यातच थबकले.

"इथं पुरुषाचा आवाज?"

"घाबरू नका हो, प्रत्येक खोलीत एकच आहे," मावशीनं धीर दिला.

पोरीही बिलंदर. धडा लावून खुशाल लोळायच्या. पण मोबाइलमधले सर मधेच प्रश्न विचारायचे आणि उत्तराचं बटण दाबल्याशिवाय पुढे हलायचे नाहीत. मावशीला धड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, शांतता मात्र बरोबर कळायची. लगेच दारावर थाप.

"सर का गप्प झाले गं? काय केलंस त्यांना?"

"मावशी, डोळा लागला!"

"आधी त्यांचं संपू दे, मग लागू दे."

धडे टिकले. मावशीचं मात्र वय झालं. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमात सर तिच्याबद्दल भरभरून बोलत असतानाच ती उठली.

"मावशी, अहो, कुठं?"

"वेळ झाली."

घंटा वाजली तशा पोरीही उठल्या. सर फुलं धरून रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहिले.

वर खोलीखोलीतून सर बोलायला लागले. कोपऱ्यातल्या खोलीतले तेवढे गप्प झाले.

मावशीनं दारावर थाप मारली.